रिपोर्ट नॉर्मल, गळा मात्र आवळलेला

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे, वय ४७. मे २०२१ मध्ये आमचे अण्णा कोविडनं गेले. ते दवाखान्यात, आम्ही बाहेर. रात्री पावणेबाराला फोन आला. अंत्यसंस्कार नगरपालिकेच्या माणसांनी केले. मी किट घालून लांब उभा होतो. खांदा देता आला नाही, तोंडात पाणी घालता आलं नाही. आई घरात पॉझिटिव्ह, बहीण रत्नागिरीत अडकलेली, मुलं लहान. मी रडलो नाही. मी कोसळलो तर बाकीच्यांचं काय, एवढंच डोक्यात होतं. पुढेही कधी रडू आलं नाही.

गेली दोन वर्षं घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. नुसती थुंकी गिळली की जास्त, जेवण मात्र नीट उतरतं. सकाळी जबडा दुखतो. झोपेत दात खाता, असं दातांचे डॉक्टर म्हणाले. रात्री उशिरा फोन वाजला की छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. घशात दुर्बीण घालून झाली, ईसीजी झाला, थायरॉइड झालं. सगळं नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका" म्हणाले. बायको म्हणते, एकदाचं मोकळेपणानं रडून घ्या. मला भीती वाटते की सुरू झालं तर थांबणारच नाही. एक मित्र पुण्यातल्या एका शिबिराला चल म्हणतोय. तिथं लोक जोरजोरात श्वास घेतात, ओरडतात, रडतात आणि आत साठलेलं सगळं एका दिवसात बाहेर पडतं म्हणे. जाऊ का? आणि अण्णांचा मोबाइल मी अजून चार्ज करून ठेवतो, हे वेडेपणाचं आहे का?
— एक शिक्षक

सर, नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो तुम्ही जाता जाता, हळूच विचारलाय. मोबाइल चार्ज करून ठेवणं वेडेपणाचं नाही. लोक गेलेल्या माणसाचा चष्मा ठेवतात, काठी ठेवतात, खुंटीवरच्या कोटाला कुणाला हात लावू देत नाहीत. तुमच्या वस्तूला वीज लागते, एवढाच फरक. तो मोबाइल पुढे आपल्या कामाला येणार आहे.

आता घसा. तुम्ही लिहिलंय की थुंकी गिळताना त्रास जास्त आणि घास मात्र सहज उतरतो. हे वर्णन डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. गाठ असती तर उलट झालं असतं, आधी घास अडला असता. भावना उसळते तेव्हा शरीराला हवा जास्त हवी असते, म्हणून स्वरयंत्रातली फट उघडी राहू पाहते. आपण रडू दाबायला आवंढा गिळतो, त्यासाठी तीच फट मिटावी लागते. एकाच जागी दोन उलटे हुकूम सुटतात आणि त्या ओढाताणीचा गोळा जाणवतो. ज्यानं कुणी लग्नात मुलीची पाठवणी कोरड्या डोळ्यांनी पाहिली आहे, त्याला तो ठाऊक असतो. अशा माणसाचा गोळा तासाभरात विरतो, तुमचा विरलेला नाही. दुर्बिणीत तो दिसत नाही, कारण दिसण्यासारखं तिथं काही उगवलेलंच नाही. म्हणून तो खोटा ठरत नाही. स्नायू खरोखर आवळलेला असतो. "मनाचे खेळ" म्हणून कुणी हसलं तर मनावर घेऊ नका.

घशात गोळा वाटण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे वर येणारं आम्ल, तेव्हा पित्ताचा त्रास आहे का, हेही विचारून घ्या. आणि पुढे कधी घास अडू लागला, गिळताना दुखलं, वजन घटलं, मानेत गाठ लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा आवाज तीन आठवड्यांच्या वर बसून राहिला, तर माझं हे सगळं बाजूला ठेवून पुन्हा घशाच्या डॉक्टरांकडे जायचं. तंबाखू खात असाल तर अधिकच. शिक्षकाचा आवाज बसतोच, असं म्हणून अंगावर काढू नका.

मित्रानं सांगितलेल्या "आत साठलेलं" या गोष्टीवर मात्र माझा विश्वास नाही. कंबरेत राग, खांद्यात जबाबदारी, मांडीत लहानपणची भीती, असे नकाशे सध्या रील्सवर फिरतात. शरीरात भावनांसाठी असे कप्पे आजवर कुणाला सापडलेले नाहीत. आपल्या प्रश्नासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. दुःख आत साठलेलं असतं, तर ते एकदाच उपसून टाकता आलं असतं. तुमच्या बाबतीत चाललंय ते वेगळं. भरलेली घागर डोक्यावर दोन्ही हातांनी तोलून धरावी आणि ती खाली ठेवायची असते हेच विसरून जावं, तसे तुम्ही चार वर्षांहून जास्त काळ उभे आहात. हात दुखतात ते घागरीमुळे कमी आणि धरून ठेवण्यामुळे जास्त. तुमचा जबडा, घसा, पोट हे रोज, आत्ता हे वाचतानाही, काम करताहेत.

हे काम फुकट होत नाही, याचा पुरावा आहे. १९९७ मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दुःखाची चित्रफीत दाखवली आणि त्यातल्या काहींना बजावलं की, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते जमवलं. पण नंतर विचारल्यावर त्यांचं दुःख इतरांइतकंच निघालं, आणि हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण उलट वाढलेला. चित्रफिती काही मिनिटांच्या होत्या. तुमचं गणित तुम्हीच करा.

रात्रीच्या फोनचं कोडं त्यामानानं सोपं आहे. संकट दिसलं की लढायला किंवा पळायला शरीर कसं सज्ज होतं, ते वॉल्टर कॅननने १९१५ मध्येच मांडलं होतं. अॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो. तुमच्या शरीरानं यात चूक काहीच केलेली नाही. त्या मे महिन्यात रात्रीचा फोन म्हणजे खरंच वाईट बातमी होती, आणि ते त्यानं एका रात्रीत पक्कं शिकून घेतलं. अडचण अशी की, मेंदू असलं शिकलेलं पुसत नाही. "हा फोन साधा होता", "हाही साधाच होता" हे नवं शिक्षण जुन्याच्या शेजारी हळूहळू उभं राहतं आणि बऱ्याच पुनरावृत्तीनंतर त्याचा आवाज मोठा होतो. वर्गात पाढे घोकून घेणाऱ्या माणसाला पुनरावृत्तीबद्दल मी काय सांगावं! त्यामुळे मधेच एखाद्या रात्री, किंवा दर वर्षी मे महिन्यात, धडधड परत आली तर केलेलं सगळं वाया गेलं असं समजू नका. जुनं शिक्षण तिथंच आहे, ते कधीमधी डोकं वर काढणार.

पण सर, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं ते खांद्याच्या वाक्यासाठी.

आपल्याकडे वडील जातात तेव्हा मुलाला करायला किती असतं ते आठवा. तोंडात पाणी घालायचं, तिरडी उचलायची, मडकं धरायचं, अग्नी द्यायचा, तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत ताटकळायचं. त्याचं धार्मिक महत्त्व ज्याचं त्यानं ठरवावं. मला दिसतं ते एवढंच की, यात हातांना, पायांना, खांद्यांना सतत काम असतं. बाप गेला, ही बातमी डोक्याला एका क्षणात कळते. अंगाला कळायला दहा-तेरा दिवस लागतात आणि ते दिवस मुद्दाम दिलेले असतात. घरात चूल पेटत नाही, भावकीतून कडू घास येतो, म्हणजे खायचं काय हेही तुम्ही बघायचं नसतं.

आणि भेटायला येणारी माणसं! शहरात लोक या प्रथेला आता नावं ठेवतात. जो येतो तो तेच विचारतो, "कसं झालं?" आणि घरचा माणूस सगळं पहिल्यापासून सांगतो. दुपारी दुसरं कुणी येतं, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी दोन वाक्यांत हुंदका येतो, पाचव्या दिवशी गोष्ट अर्ध्यापर्यंत जाते, दहाव्याला शेवटपर्यंत सांगून होते आणि मधे एखादी अण्णांची गंमत आठवून कुणी हसतंही. आज आघातावरच्या उपचारात प्रशिक्षित माणूस हेच करवतो : सुरक्षित सोबतीत, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा सांगणं. एरवी कोरडे राहणारे पुरुषसुद्धा त्या दिवसांत भावाच्या गळ्यात पडून हमसून रडतात आणि गावात कुणी त्यांना हसत नाही. तेवढ्यापुरती ती मुभा असते.

२०२१ च्या त्या निर्बंधांत राज्यात अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती, आणि कोविडच्या मृत्यूत तेवढीही जवळ जाऊ शकत नव्हती. तुमच्या दारात "कसं झालं?" विचारायला कुणी आलंच नाही. तुमची गोष्ट एकदाही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून झालेली नाही, असं मला वाटतं. मला लिहिलेल्या पत्रातसुद्धा ती पाच-सहा वाक्यांत उरकलीय.

खांदा आता देता येणार नाही. ते राहिलं ते राहिलंच. त्यावर गोड बोलून मी तुमची समजूत घालणार नाही. सांगणं मात्र राहिलेलं आहे आणि ते अजून करता येतं.

बहिणीला सांगा. तीही त्या वेळी तिकडे अडकली होती, म्हणजे तिचा गळाही कदाचित असाच असेल, तिनं कुणाला सांगितलं नसेल. पुढच्या सुट्टीत रत्नागिरीला जा, दोन दिवस राहा. सुरुवात पावणेबाराच्या फोनपासून करू नका. अण्णा धडधाकट होते त्या शेवटच्या आठवड्यापासून करा, काय खाल्लं, कुणावर चिडले, रानात गेले होते का, इथून. पंधरा-वीस मिनिटं सांगा आणि थांबा. चहा घ्या, बाजारात जाऊन या. संध्याकाळी पुढचं. सांगताना छाती भरून आली, कानात गरम झालं, तर तिथंच थांबून पाय जमिनीवर टेकलेत का बघा, खोलीत काय काय दिसतंय ते बघा, बहिणीशी दुसरं काही बोला. पुन्हा तिथंच यायला दुसरा दिवस आहे. अण्णांचा मोबाइलही तिच्याबरोबरच उघडा. एक फोटो, एखादा आवाज, तेवढं पुरे. रात्री एकट्यानं तो उघडायचा नाही.

बोलणं अगदीच जमेना तर लिहा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, सर्वांत क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत फायदा दिसला तो माफकच, आणि लिहिल्या लिहिल्या तर वाईटच वाटतं, हे आधी माहीत असलेलं बरं. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी लिहिणं दुसऱ्या क्रमांकावर. तुम्हाला समोर माणूस हवा.

आणि वर्षश्राद्ध करत असाल तर या वेळी ज्यांना तेव्हा येता आलं नाही त्यांना जेवायला बोलवा. अण्णांच्या बरोबरीचे कुणी असतील, त्यांचाही शेवटचा नमस्कार राहून गेलाय. त्यांनी "कसं झालं?" विचारलं तर विषय बदलू नका.

रोजच्यासाठी म्हणाल तर फार काही सांगत नाही. जबड्याचा नियम दातांचे डॉक्टर सांगतात तोच, ओठ मिटलेले आणि दात सुटे. दिवसातून जमेल तेव्हा तपासा, तास संपल्याची घंटा झाली की तपासा. दात आवळलेले सापडतील, सोडा. रात्रीसाठी दातांवर बसवायची पट्टी मिळते, ती घ्या. श्वास सोडताना हृदयाचा वेग किंचित उतरतो, ते काम व्हेगस नावाच्या नसेचं. म्हणून घेण्यापेक्षा सोडणं लांबवलं की शरीर निवतं. २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बर्नार्डी यांच्या गटानं दाखवलं होतं की, लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा "ॐ मणि पद्मे हुं" म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लयही त्याच्याशी जुळते. हरिपाठावर किंवा शाळेच्या प्रार्थनेवर त्यांनी प्रयोग केला नव्हता, पण लांब ओळ एका दमात म्हणायची तर श्वास सावकाशच सोडावा लागतो. तुम्ही रोज परिपाठाला उभे असता. मुलांना म्हणायला लावून आपण हजेरी बघत फिरायचं, असं न करता स्वतः म्हणा. आवळलेल्या घशाला आवाजाचं काम देणं, हेही एक औषधच. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. तसं झालं तर श्वासाचा नाद सोडा आणि चालायला जा, त्यानंही हेच साधतं.

आता तुमची भीती. रडू सुरू झालं तर थांबणार नाही, असं न रडलेल्या माणसाला नेहमी वाटतं. रडणं हे दमवणारं काम आहे, शरीर ते फार वेळ चालवू शकत नाही. लाट येते, ओसरते, नाक शिंकरायला रुमाल लागतो, भूक लागते. हवं तर बहिणीला आधीच सांगून ठेवा की, मी रडलो तर गप्प करू नकोस, नुसती बसून राहा. आणि रडू आलंच नाही, तर तेही बिघडलं नाही. घसा सैल व्हायला आधी अश्रूच आले पाहिजेत, असा नियम नाही. वहिनींचा सल्ला मायेचा आहे, पण "एकदाचं रडून घ्या" हे फर्मान झालं की माणूस तेवढ्यासाठीही स्वतःवर जोर लावतो, आणि जोर लावण्याचंच तर तुम्हाला दुखणं झालंय. त्यांना सांगा की, रडवू नका, संध्याकाळी माझ्याबरोबर चालायला चला.

याच कारणासाठी शिबिराला जाऊ नका. जोरजोरात, भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. त्यानं हातापायांना मुंग्या येतात, बोटं वाकडी होतात, गरगरतं, आणि माणसाला वाटतं की आतून काहीतरी निघतंय. ते बरंचसं रसायनशास्त्र असतं. काहींना त्यानंतर हलकं वाटतं, हे मी नाकारत नाही. पण ज्याची छाती एका फोनच्या आवाजानं धडधडते, त्याला अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये, किंकाळ्यांच्या मधोमध, मुद्दाम धडधडवायचं, यात मला शहाणपण दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही गावी आणि शिबिर घेणारा पुण्यात. तेव्हा काही झालं तर जवळ कोण?

प्रशिक्षित माणसाकडे मात्र जा. बहिणीशी बोलून काही आठवडे झाले आणि फरक नाही, झोप उडालीय, शाळेत जीव रमत नाही, असं असेल तर जायचंच. आणि जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर आठवड्यांची वाटही बघायची नाही. लांबलेलं शोक-दुःख हा उपचार करण्याजोगा त्रास म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून आहे. तुमचं तेच आहे की नाही हे मी पत्रावरून ठरवणार नाही, ते काम मानसोपचारतज्ज्ञांचं. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथूनही करता येईल. गोळी लिहून दिली तर घाबरू नका आणि आपल्या मनानं बंदही करू नका.

एक गोष्ट तुमच्या पत्रात मला सापडली नाही. घशाचे डॉक्टर झाले, दातांचे झाले, ईसीजी झाला. पण यातल्या कुणालाही अण्णांबद्दल सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. त्यांनी विचारलं नसेल, आणि तुम्हाला वाटलं असेल की, घशाच्या डॉक्टरांना त्याचं काय. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्यावर फाईल उघडायच्या आधी एवढं म्हणा : "मे २०२१ मध्ये माझे वडील गेले, मला त्यांना शेवटचं भेटता आलं नाही, आणि हा त्रास त्यानंतरचा आहे." तोंडून निघणार नाही असं वाटलं तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि ती पुढे करा. रिपोर्ट त्यांना नंतरही वाचता येतील.